वाचकांचे प्रश्न : आईच्या अंगात मुलाचं रक्त

डिसेंबरात नागपुरात शंकरनगरच्या सभागृहात आमच्या मंडळाने 'अ ख्रिसमस टेल' हा २००८ सालचा फ्रेंच चित्रपट दाखवला. दिग्दर्शक आर्नो देप्लशाँ, लांबी अडीच तास, आणि मध्यंतर नाही. नंतर आलेल्या पत्रांतून चार प्रश्न निवडले आहेत.

मी तासाभराने उठून गेले. कोण कोणाचं हेच कळेना. आणि भाऊ-बहिणीच्या वैराचं कारण शेवटपर्यंत सांगितलंच नाही म्हणे. मग एवढा वेळ बसायचं कशासाठी? – एक वाचक, धरमपेठ

ताई, मी दाराशीच उभा होतो, तुम्हाला जाताना पाहिलं. आठ वाजेपर्यंत मागच्या दोन रांगा रिकाम्या झाल्या होत्या. त्यात चूक आमची. घरातली माणसं कोण, हे आधी दोन मिनिटं सांगायला हवं होतं. ते आता सांगतो. आबेल आणि ज्युनाँ हे म्हातारं जोडपं. त्यांचा थोरला जोझेफ लहानपणीच आजाराने गेला. मग एलिझाबेथ, आँरी आणि धाकटा इव्हान. एलिझाबेथने काही वर्षांपूर्वी आँरीचं कर्ज फेडलं, पण एका अटीवर: यापुढे हा माझ्यासमोर येता कामा नये. आता ज्युनाँला रक्ताचा कॅन्सर निघालाय आणि नाताळसाठी सगळे एका छताखाली जमलेत.

कारण सांगत नाहीत, हे खरं आहे. मला मात्र तिथेच चित्रपट पटला. माझे वडील आणि मोठे काका महालातल्या एकाच वाड्यात राहून नऊ वर्षं एकमेकांशी बोलले नाहीत. कोणी म्हणे आजीच्या पाटल्यांवरून, कोणी म्हणे एका लग्नातल्या पंगतीवरून. दोघंही गेल्यावर मी आईला विचारलं. ती म्हणाली, "आता कोनाले आठवते बाप्पा!" भांडण मात्र तेव्हाही घरात होतंच, काकूच्या स्वयंपाकघराच्या बंद दारात.

आई मुलाला तोंडावर सांगते की मी तुझ्यावर कधी प्रेम केलंच नाही, आणि तोही म्हणतो, मीही नाही. आई अशी दाखवायची? माझी सून पुढचा अर्धा तास डोळे पुसत होती. – निवृत्त शिक्षक, मनीषनगर

गुरुजी, सर्वाधिक पत्रं या प्रसंगावरच आली आणि बहुतेकांचा सूर तुमच्यासारखाच आहे. मी एकतीस वर्षं रक्तपेढीत काम केलं, त्यामुळे मी हा प्रसंग जरा वेगळ्या बाजूने पाहिला.

आँरी का जन्मला, ते लक्षात घ्या. जोझेफला अस्थिमज्जा (हाडांच्या आतला, रक्त तयार करणारा गर) हवी होती. घरात कोणाची जुळेना, म्हणून आणखी एक मूल होऊ दिलं. त्याचीही जुळली नाही आणि जोझेफ गेला. म्हणजे हे पोर ज्या कामासाठी आलं, ते काम जन्मतःच हुकलं. आईला त्याच्याकडे पाहताना काय दिसत असेल? ती दुष्ट नाही. जे मनात आहे ते ती बोलते, एवढंच. ज्युनाँ झालेल्या कॅथरीन देनव आवाज जराही न चढवता ते बोलतात, म्हणून आपल्याला जास्त लागतं.

आता म्हातारपणी तिलाच मज्जा हवी आहे, आणि जुळते ती याच आँरीची. एलिझाबेथचा मुलगा पॉल, त्याचीही जुळते. मज्जा जुळते ती ऊतींच्या गुणांवरून, आणि हे गुण अर्धे आईकडून, अर्धे बापाकडून येतात. सख्ख्या भावंडांत पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. आई आणि मूल सहसा अर्धेच जुळतात, त्यामुळे मुलगा आणि वर नातूही जुळावा हे क्वचितच घडेल. (आता अर्ध्या जुळणीवरही प्रत्यारोपण करतात.) धोका असतोच. दात्याच्या पेशी नव्या शरीरावर उलटू शकतात, कातडी भाजल्यासारखी होते. घरातला गणितज्ञ जावई फळ्यावर खडूने तिच्या जगण्याचा हिशेब मांडतो, ते यामुळेच.

आणखी एक गोष्ट सांगतो. मज्जा रुजली की रोग्याचं रक्त दात्याच्या पेशी तयार करतात. दोघांचे रक्तगट वेगळे असले, तर काही महिन्यांत रोग्याचा गट बदलून दात्याचा होतो. असा रिपोर्ट मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला वाटलं नळ्यांची अदलाबदल झाली, आणि मी चाचणी पुन्हा लावली. तुमच्या सूनबाईंना हे जरूर सांगा. ज्या मुलावर माया नाही असं ज्युनाँ म्हणते, तिच्या अंगातलं रक्त यापुढे त्याचंच असेल.

बोलणं तुटलेला भाऊ रक्त द्यायला आलेला मी कितीदा तरी पाहिलाय. फॉर्मवर नातं लिहायची वेळ आली की त्याचं पेन थांबायचं. रक्त देऊन झालं की बिस्किटाचा पुडा खिशात टाकायचा, खाली टपरीवर चहा प्यायचा आणि वॉर्डात न जाता सायकल काढायचा. त्याला प्रेमाबद्दल विचारलं असतं, तर त्यानेही आँरीसारखंच उत्तर दिलं असतं.

बायको दुसऱ्याबरोबर रात्र काढते आणि इव्हान चिडत नाही. हे शक्य आहे? – विद्यार्थी, त्रिमूर्तीनगर

मलाही तो पूर्ण पटला नाही. पण त्याच्या बायकोचा, सिल्व्हियाचा राग पटला. ज्युनाँचा भाचा सिमाँ तिच्यावर प्रेम करत होता आणि या मुलांनी आपसांतच ठरवून टाकलं की ती इव्हानची. तिला हे इतक्या वर्षांनी कळतं. आपल्याला न विचारता आपलं ठरलं, हा राग आपल्याकडच्या पुष्कळ बायकांना ओळखीचा आहे. सभागृहात त्या वेळी हसले ते पुरुष. सिल्व्हिया झालेल्या कियारा मास्त्रोयानी या देनव यांच्या खऱ्या कन्या, पडद्यावर मात्र सून.

ते गाव खरं आहे का? – एक वाचक, इतवारी

खरं आहे. रूबे, फ्रान्सच्या उत्तरेला, बेल्जियमच्या सीमेजवळ. देप्लशाँ यांचा जन्म तिथलाच. कापडगिरण्यांवर वाढलेलं आणि गिरण्या गेल्यावर ओसरलेलं गाव. तुम्ही इतवारीचे, तुम्हाला वेगळं सांगायला नको. आपली एम्प्रेस मिल १८७७ साली सुरू झाली होती. आबेलचा धंदा कापड रंगवण्याचा आहे हे कळलं, तेव्हा मी खुर्चीत पुढे सरकून बसलो. माझे आजोबा एम्प्रेसच्या रंगखात्यात होते. जेवायला बसताना ते हात लिंबाने चोळायचे, तरी नखांच्या कडांना निळा रंग राहायचाच.