वाचकांचे प्रश्न : होडीचा ॲनोड फाउंड्रीत ओतून घ्यावा का?

प्रश्न : आमची २४ फुटी फायबरची शिडाची होडी पावसाळ्यानंतर दोन महिने धरणाच्या जलाशयात असते. डिसेंबरमध्ये फोंडा घाटातून खाली नेऊन ती तारकर्लीजवळ कर्लीच्या खाडीत ठेवतो. शाफ्ट २५ मिमी स्टेनलेसचा, पंखा ब्राँझचा. शाफ्टवरचे जस्ताचे कडे दर वर्षी मागवावे लागते. शिरोलीत ओळखीची फाउंड्री आहे. भंगारातले जस्त वितळवून तिथेच ओतून घेतले तर?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : साचा कोल्हापुरात कोणीही उत्तम करून देईल. अडचण धातूची आहे. ॲनोडचे, म्हणजे तुमच्या कड्याचे, काम पंखा-शाफ्टऐवजी स्वतः झिजण्याचे, आणि नीट झिजायला जस्त फार शुद्ध लागते. मिश्रण न केलेल्या जस्तात लोखंड ०.००१४ टक्क्यापेक्षा जास्त चालत नाही. थोडे ॲल्युमिनियम आणि कॅडमियम घातलेल्या प्रमाणित मिश्रणातही मर्यादा ०.००५ टक्केच आहे. लोखंड याहून वाढले की जस्तावर घट्ट पांढरट थर धरतो आणि पंख्याचे रक्षण करणारा विजेचा प्रवाह थांबतो. कडे वरून शाबूत दिसते, पण आता पंखा खाल्ला जातो.

बिडाच्या फाउंड्रीत हे लोखंड कुठूनही येते. वितळलेले जस्त उघड्या लोखंडी पळीलाच खाते. जुने कार्ब्युरेटर, हँडल असे डायकास्टिंगचे भंगार घेतले तर त्यात सुमारे ४ टक्के ॲल्युमिनियम आधीच असते, म्हणजे हवे त्याहून खूप जास्त. फाउंड्रीतल्या स्पेक्ट्रोवरही (धातूत काय किती आहे हे मोजणाऱ्या यंत्रावरही) भिस्त ठेवू नका. तो बहुधा लोखंडी धातूंसाठी लावलेला असतो, जस्तातले इतके सूक्ष्म लोखंड मोजायला जस्ताचे वेगळे कॅलिब्रेशन लागते. शिवाय कॅडमियमची वाफ विषारी आहे. दोन कड्यांसाठी हा खटाटोप करू नये.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे तुमच्या होडीला जस्त योग्यच नाही. गोड्या पाण्यात त्यावर थर येऊन ते निजते, आणि खाडीत उतरल्यावरही तो थर सहजी जात नाही. होडी बारा महिने जलाशयातच राहिली असती तर मॅग्नेशियम सुचवले असते, पण खाऱ्या पाण्यात ते काही आठवड्यांत संपते. दोन्हीकडे चालणारा म्हणून तुम्ही ॲल्युमिनियमचा ॲनोड घ्या. मात्र खिडकीच्या सेक्शनचे ॲल्युमिनियम नव्हे. ॲनोडच्या मिश्रणात ४ ते ६.५ टक्के जस्त आणि ०.०१४ ते ०.०२० टक्के इंडियम असते. हे चिमूटभर इंडियमच वरचा ऑक्साइडचा पापुद्रा जमू देत नाही. कडे हातात हलके लागेल, म्हणून फसवणूक झाली असे समजू नका: एक किलो जस्त सुमारे ७८० अँपिअर-तास रक्षणाची वीज देते, तर एक किलो ॲल्युमिनियम सुमारे २,५००.

बसवताना शाफ्ट पॉलिश पेपरने चकचकीत घासा. कड्याची आतली बाजूही घासा. मध्ये ग्रीस नको, रंग नको. दोन्ही अर्धे लावून ॲलन बोल्ट आळीपाळीने आवळा, हातोडीने हलके ठोका आणि पुन्हा आवळा. ठोकल्यावर बोल्ट बहुधा आणखी थोडे फिरतात. बेअरिंगला चिकटवून बसवू नका, तिथे पाणी जायला वाट हवी. मग मल्टिमीटरने कडे आणि पंखा यांच्यातला रोध पाहा, तो १ ओहमच्या बराच खाली हवा. तळाला रंग मारणाऱ्याला कड्यावर ब्रश फिरवू देऊ नका. रंगवलेला ॲनोड असून नसल्यासारखा. जुने जस्ताचे तुकडे कुठे जोडलेले राहिले असतील तर तेही काढा, नाहीतर नवे ॲल्युमिनियम त्यांचेच रक्षण करत बसेल. निम्मे झिजले की बदला. वर्षभरात अजिबात झिजले नाही तर आनंद मानू नका, आधी संपर्क तपासा. पंखा गुलाबी दिसू लागला असेल तर त्याच्या मिश्रधातूतले जस्त निघून गेले आहे, तो ठोकून पाहा: खणखणीत वाजायला हवा.

प्रश्न (दुसऱ्या वाचकाचा) : आमची होडी लाकडी आहे. खबरदारी म्हणून दोन ॲनोड जास्त लावावेत का?

उत्तर : नाही. गरजेपेक्षा जास्त रक्षण झाले की ब्राँझच्या फिटिंगभोवती क्षार (अल्कली) तयार होतो आणि तो लाकूड कुजवतो. फिटिंगशेजारी पांढरे मीठ आणि भुसभुशीत, तंतू सुटलेले लाकूड दिसले तर जादा ॲनोड आजच काढा. ती जागा गोड्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळू द्या, मगच रंग लावा.