शेजवानची बरणी ओट्यावर नको

घरच्या शेजवान नूडल्सबद्दल येणारी पत्रं फिरून फिरून तीच: गोळा होतो, रंग येत नाही, सॉस किती दिवस टिकतो. पहिल्या दोघांचं चार ओळींत भागतं. तिसऱ्याचं भागत नाही.

प्रश्न : हक्का नूडल्स उकडल्या की गोळा होतो. (परळ)

पाणी कमी पडतं. २०० ग्रॅमला २ लिटर खळखळतं पाणी, २ छोटे चमचे मीठ. पाकिटावरच्या वेळेच्या मिनिटभर आधी उतरवा, चाळणीत गार पाण्याने धुवा, पूर्ण निथळल्यावर चमचाभर तेल चोळून परातीत पसरा. ओल्याच कढईत टाकल्या तर परतल्या जात नाहीत, वाफेवर शिजत राहतात. दोघांपुरत्याच एका वेळी परता. चौघांचा ढीग घरच्या बर्नरला झेपत नाही.

प्रश्न : गाडीवरच्यासारखा लालभडक रंग हवा. किराणावाल्याने रंगाची सुटी पुडी दिली आहे. (लालबाग)

परत करा. सुट्या पुडीवर ना नाव, ना प्रमाण. १५ बेडगी किंवा काश्मिरी मिरच्या बिया झटकून अर्धा तास गरम पाण्यात भिजवा, गुळगुळीत वाटा, मंद आचेवर तेल सुटेपर्यंत परता. मिरचीचा रंग तेलातच उतरतो. घाई केली की तो फिकाच राहतो. असले रंग खाऊन मुलाच्या अंगावर पुरळ उठत असेल तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

प्रश्न : भरपूर लसूण घालून सॉस करते, वर बोटभर तेल सोडून बरणी ओट्यावर ठेवते. सासूबाई म्हणतात, लोणचं वर्षभर टिकतं, मग याला काय होतंय? (मुलुंड)

होतं, आणि ते दिसत नाही. लोणचं नुसत्या तेलावर टिकत नाही, कैरीचा आंबटपणा आणि सढळ मीठ त्याला राखतं. लसणात आंबटपणा नगण्य. मातीतून येणारे क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम जंतूंचे बीजाणू लसणाला चिकटलेले असू शकतात आणि ते साध्या उकळीलाही दाद देत नाहीत. हवा नाही, आंबटपणा नाही, वर मुंबईचा उकाडा: बोटभर तेलाखाली त्यांना हवं ते सगळं मिळतं. तयार होणारं विष मज्जातंतूंवर घाला घालतं. वास बदलेल, बुरशी येईल, मग टाकू, असं म्हणून थांबू नका. हे विष वासाने किंवा चवीने ओळखू येत नाही.

‘आम्ही व्हिनेगर घालतो की!’ किती? दोन चमचे चवीपुरते असतात. सॉसचा पीएच (आंबटपणाचं माप, जितका कमी तितका सॉस आंबट) ४.६ च्या खाली गेला तरच हे जंतू वाढत नाहीत, आणि घरी तो अंदाजाने कळत नाही. बाजारच्या बाटलीची बरोबरी करू नका, तिथे आम्लता मोजतात. ‘प्रिझर्व्हेटिव्ह नाही, घरगुती चव’ असं मिरवत सुट्या डब्यांतून विकला जाणारा सॉस मी तरी घेणार नाही.

तेव्हा थोडाच करा, गार होताच फ्रिजमध्ये ठेवा, ४ दिवसांत संपवा. जास्त झाला तर बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा, लागेल तशी वडी काढा. ओट्यावर राहिलेली बरणी चाखून न बघता टाका. खाल्ल्यावर एकाचे दोन दिसू लागले, पापण्या जड झाल्या, बोलताना जीभ अडखळली, गिळता येईना, तर ‘सकाळी बघू’ नको. त्याच रात्री रुग्णालय गाठा आणि काय खाल्लं ते सांगा.

प्रश्न : सिचुआन मिरीऐवजी तिरफळ चालेल? (गिरगाव)

चालेल, दोन्ही एकाच कुळातली. वास थोडा वेगळा. काळी बी काढून ३-४ टरफलं पुरेत. मुंबईच्या शेजवानमध्ये मात्र ही मिरी बहुधा नसतेच.

प्रश्न : अजिनोमोटो विष आहे ना? घरात रक्तदाबाचा रुग्ण आहे. (बोरिवली)

विष नाही. त्यात सोडियम मिठाच्या साधारण एक तृतीयांश असतं. १२ महिन्यांखालच्या बाळाला देऊ नका. तुमच्या घरी काळजी सोया सॉसची करा: एका मोठ्या चमच्यात सुमारे ९०० मिलिग्रॅम सोडियम, आणि जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला २,००० पेक्षा कमी सांगते. सोया घातलात तर वरून मीठ नको. रुग्णाला किती चालेल ते त्यांच्या डॉक्टरांनाच विचारा.

प्रश्न : नॉनस्टिकमध्ये मोठ्या आचेवर परतू का? (दादर)

नको. लोखंडी कढई घ्या.