धरलंय काय, ते आधी सांगा

प्रश्न असा आला आहे: 'आमच्या सोसायटीच्या नोटिशीत "थकबाकीदारांच्या दारात बसून सत्याग्रह करण्यात येईल" असं छापलंय. इथे "गांधीगिरी" जास्त बरोबर नाही का?'

दोन्ही चूक. सत्याग्रहाचा पुस्तकी अर्थ सांगत बसत नाही, तो शाळेत झालाय. पण हल्ली रस्त्यात टायर जाळला तरी सत्याग्रह, आणि हेल्मेट न घालणाऱ्याला गुलाबाचं फूल दिलं की गांधीगिरी! कान किटले.

आधी ती 'गिरी' बघू. २००६च्या एका हिंदी सिनेमाने घरोघरी नेलेला हा शब्द दादागिरीच्या साच्यात ओतलेला आहे. फारसी 'गीर' म्हणजे धरणारा. मुलूखगिरी म्हणजे मुलूख धरणं, आलमगीर म्हणजे अख्खं जग मुठीत धरणारा. 'गिरी म्हणजे नुसतं फारसी "गर" या प्रत्ययाचं रूप, धंदा दाखवणारं,' असं छातीठोक सांगणारे पंडित आहेत. कारागिरीपुरतं मान्य, तिथे मूळ 'कारीगर'च आहे. पण दादागिरीत, माझ्या मते, गीरच. दादा धंदा कसला करतो? गल्ली धरतो! पंडितांनी कधी गल्लीत राहून बघावं.

आणि आता खरी मेजवानी. फारसी 'गिरिफ्तन' (धरणे) आणि संस्कृत 'ग्रह्' ही सख्खी भावंडं. वेदांच्या भाषेत हा धातू 'ग्रभ्' असाही येतो. पटत नसेल तर पुढच्या लग्नात पंगतीकडे डोळे न लावता भटजींचं ऐका: 'गृभ्णामि ते सौभगत्वाय हस्तम्'. ऋग्वेदातला भ शाबूत! त्याच्या शेजारी 'गिरफ्तार'मधला फ ठेवून बघा. म्हणजे 'सत्याग्रही गिरफ्तार झाला' या वाक्यात एकच धातू दोनदा येतो, धरणाराच धरला जातो. त्याच मांडवात तासाभराने यजमान पानावर तिसरी जिलबी टाकतात, तो आग्रहही याच घरातला.

दक्षिण आफ्रिकेतल्या लढ्यासाठी 'इंडियन ओपिनियन'मधून नाव मागवलं, तेव्हा मगनलाल गांधींनी 'सदाग्रह' सुचवलं. गांधींनी त्याचं 'सत्याग्रह' केलं. धरायचं ते सत्य, समोरचा माणूस नव्हे.

माणूस धरायचा तर आपल्याकडे जुना शब्द आहे, धरणे. सावकार ऋणकोच्या दारात उपाशी बसायचा, मेला तर पाप ऋणकोच्या माथी. १८६०च्या दंडसंहितेत कलम ५०८ खाली उदाहरणच दिलं होतं: दैवी कोपाची भीती घालायला दुसऱ्याच्या दारात धरणं धरून बसणारा गुन्हेगार. १९२१ साली कलकत्त्यात विद्यार्थी सोबत्यांच्या वाटेत आडवे पडले, तेव्हा खुद्द गांधींनी त्या धरण्याला रानटीपणा म्हटलं होतं.

मग २० सप्टेंबर १९३२ला येरवड्यात जे सुरू झालं, ते काय? अस्पृश्यांना मिळालेले स्वतंत्र मतदारसंघ, म्हणजे जिथे त्यांचा प्रतिनिधी फक्त तेच निवडणार, ते रद्द व्हावेत म्हणून आमरण उपोषण. गजाआड गांधी, पण धरले गेले आंबेडकर. गांधींचं काही झालं असतं तर खेडोपाडी कोणाच्या माथी खापर फुटलं असतं, आणि कोणाच्या वस्त्यांवर राग निघाला असता, हे काय सांगायला हवं? २४ तारखेला पुणे करारावर सह्या झाल्या. राखीव जागा ७१च्या १४८ झाल्या, स्वतंत्र मतदारसंघ गेले. गांधीभक्त अजूनही म्हणतात, ती आत्मशुद्धी होती, हिंदू समाजाला घातलेली साद होती. देवळं आणि विहिरी खुल्या करायची लाट त्या उपासाने आणली, हे नाकारत नाही. तरी सहीच्या टेबलापाशी उभं राहून बघितलं तर मला तिथे धरणंच दिसतं. 'सत्याग्रह' शब्द आंबेडकरांनाही परका नव्हता. १९२७ साली महाडला चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं, त्यालाही आपण सत्याग्रहच म्हणतो, आणि तिथे सत्याग्रहींनी कोणाची मानगूट धरली नव्हती. गांधींनीच घडवलेला शब्द गांधींच्याच उपासाला घट्ट बसत नाही, यात शब्दाचा दोष नाही.

हां, तुमची नोटीस राहिली. सेक्रेटरींना 'धरणे' लिहायला सांगा. दुपारी घरी जाऊन जेवून येणार असतील, तर 'तगादा'.