डबा रोज धुऊन परत येतो

‘ताई, नणंदेने अर्ज केला होता म्हणून तीन वर्षांपूर्वी आम्ही बार्शीहून न्यू जर्सीला आलो. हे गोदामात रात्रपाळी करतात. मला इंग्रजी येत नाही. बँक, डॉक्टर, शाळा, सगळीकडे 13 वर्षांचा मुलगाच बोलतो. शाळेच्या मीटिंगला टीचर दहा मिनिटं बोलल्या. त्याने सांगितलं, अभ्यास ठीक आहे, जरा शांत असतो म्हणतात. परवा त्याच्या वर्गातल्या मराठी मुलीकडून कळलं, की पोरं त्याच्या उच्चारांच्या नकला करतात, डबा उघडला की नाक धरतात. टीचरना ते माहीत आहे आणि मीटिंगमध्ये त्या तेच सांगत होत्या. तो आमच्याशी खोटं का बोलला? डबा तर रोज धुऊन परत येतो.’ – स.

स., तुमच्या शेवटच्या वाक्यापाशी मी थांबले. तेरा वर्षांचा कुठला मुलगा शाळेत डबा धुतो? बहुधा तो भाजी टाकून देतो आणि तुम्हाला कळू नये म्हणून डबा विसळून आणतो. मीटिंगमध्येही त्याने तेच केलं. स्वतःची होणारी चेष्टा स्वतःच्याच तोंडाने आईला मराठीत सांगायची, तीही टीचरसमोर. मोठ्या माणसालाही जमलं नसतं हो. याला खोटं म्हणू नका आणि त्याला रागावूही नका.

दुभाषेपण वाईट नाही. विजेचं बिल, दुकानातली चौकशी त्याला खुशाल करू द्या, त्यात त्याला मोठेपणाही वाटत असेल. पण त्याची शाळा आणि तुमचं दुखणं या दोन गोष्टी आजपासून त्याच्याकडून काढून घ्या. आईच्या पाळीच्या तक्रारी मुलाने डॉक्टरला सांगाव्यात, हे मला मुळीच पटत नाही. तातडीची वेळ सोडली तर दवाखान्यानेही लहान मुलावर विसंबायचं नसतं, तिथला नियमच तसा आहे.

शाळेकडे मराठी इंटरप्रीटर, म्हणजे दुभाषा, मागा. तो फोनवरही मिळतो आणि पैसे पडत नाहीत. अमेरिकेच्या 1964च्या नागरी हक्क कायद्याच्या आधाराने तुम्ही तो मागताय, उपकार म्हणून नाही. ‘वुई नीड अ मराठी इंटरप्रीटर’ एवढं वाक्य कागदावर लिहून घेऊन जा, बाकी काही बोलता आलं नाही तरी चालेल.

दुसरं, न्यू जर्सीत 2011पासून शाळेतल्या छळाविरुद्ध कडक कायदा आहे. वंश किंवा मूळ देशावरून चिडवणंही त्यात येतं. प्रत्येक शाळेत यासाठी नेमलेली एक व्यक्ती असते. तक्रार मुख्याध्यापकांकडे पोचली की शाळेच्या एका दिवसात चौकशी सुरू करायची आणि शाळेच्याच दहा दिवसांत संपवायची, असं बंधन आहे. तक्रार लेखी द्या, तारीख घाला, एक प्रत घरी ठेवा. हे पत्र मात्र त्याच्याकडून लिहून घेऊ नका. नणंदेला बसवा, नाहीतर त्या मुलीच्या आईला विचारा.

पण शाळेत जायच्या आधी त्याच्याशी बोला. समोरासमोर बसवून नको, पोळ्या लाटता लाटता बोला. ‘मला कळलंय, आता शाळेशी मी बोलणार’, एवढंच सांगा. तो चिडेल, ‘तू काही करू नकोस’ म्हणेल. चिडू द्या, पण त्याला न सांगता काही करू नका. आणि उद्या डब्यात काय हवं ते त्यालाच विचारा. ब्रेड-जॅम म्हणाला तर ब्रेड-जॅम द्या. भाजी-पोळी रात्री गरम गरम वाढा, तुमच्या शेजारी बसून खाईल.

– तुमची ताई