वाचकांचे प्रश्न : कँटनी कुटुंबाच्या उपाहारगृहात जेवायला जाताना

प्रश्न : आमची मुलगी आणि जावई नोकरीनिमित्त हाँगकाँगला असतात. येत्या जानेवारीअखेर आम्ही उभयता त्यांच्याकडे जाणार आहोत. एक कँटनी कुटुंब पिढ्यान्‌पिढ्या चालवत असलेल्या, त्यांच्या घराजवळच्या लहानशा उपाहारगृहात आम्हाला जेवायला न्यायचे जावईबापूंनी ठरवले आहे. मी मासे आणि कोंबडी खातो, सौ. माळकरी आहे, तिला अंडेसुद्धा चालत नाही. चायनीज म्हणून आम्हाला ठाऊक आहे ते गाडीवरचे शेजवान राइस आणि मंचुरियन. शेवभाजीच्या तर्रीवर वाढलेल्या माणसाला तिथले जेवण रुचेल का, काय मागवावे, कसे वागावे आणि सौ.ची सोय होईल का, हे सविस्तर सांगावे.
— एक निवृत्त शिक्षक, अमळनेर

उत्तर : जेवण नक्की रुचेल; मात्र गाडीवरच्या चायनीजची चव आधी मनातून काढून टाकावी लागेल. मंचुरियन मुंबईत जन्मले आणि आपल्याकडची लालभडक शेजवान चटणीही भारतीय स्वयंपाकघरातच घडली. कँटनी स्वयंपाक हा चीनच्या दक्षिण किनाऱ्यावरील ग्वांगडोंग प्रांताचा, म्हणजे ग्वांगझाऊ आणि हाँगकाँग या शहरांच्या परिसराचा. तिथे तांदूळ, मासळी आणि पालेभाजी मुबलक, त्यामुळे जिन्नस किती ताजा आहे आणि तो विस्तवावरून नेमका केव्हा उतरवला, यावरच स्वयंपाक्याची परीक्षा होते. आले, पातीचा कांदा, सोया सॉस, पांढरी मिरी आणि थोडी तांदळाची दारू एवढ्यावर बहुतेक काम भागते. आपल्या काळ्या मसाल्याच्या रश्श्याची जी खोली असते ती इथे शोधू नये. इथे जिभेला निराळ्या गोष्टीकडे लक्ष द्यावे लागते.

ती गोष्ट कोणती, हे वाफवलेल्या माशावरून चांगले कळते, आणि आपण मासे खाता म्हणून तो अवश्य मागवावा असा माझा आग्रह आहे. अख्खा मासा, डोक्या-शेपटीसह, साधारण आठ-दहा मिनिटेच वाफवतात. त्यावर आल्याच्या आणि कांद्याच्या पातीच्या केसासारख्या बारीक चिरी पसरून कडकडीत तापलेले तेल ओततात, तेव्हा चर्र आवाज होऊन पातीचा वास एकदम उठतो, आणि मग कडेने हलका सोया सॉस सोडतात. मासा नीट जमला असेल तर मांस मधल्या काट्यावरून अलगद सुटते, पण काट्याला लागून ते जेमतेम शिजलेले असते. एखादे मिनिट जास्त झाले तरी ते कोरडे पडते. पहिले दोन घास तिखट न लावता खावेत. त्यानंतर सोया सॉसमध्ये घातलेली ताजी चिरलेली मिरची किंवा मिरचीचे तेल मागितले तर कोणी वाईट मानत नाही.

मागवताना आपल्या सवयीप्रमाणे माणशी एक प्लेट असा हिशेब करू नये. सारे पदार्थ टेबलाच्या मध्यभागी येतात, प्रत्येकापुढे भाताची वाटी असते आणि सगळे मधल्या ताटांतून थोडे थोडे घेतात. चौघांसाठी एक मासा, एक कोंबडीचा किंवा भाजलेल्या बदकाचा पदार्थ, टोफू (सोयाबीनच्या दुधाचे पनीर), हिरवी पालेभाजी आणि सूप इतके पुष्कळ होते. एक वाफवलेले, एक परतलेले, एक भाजलेले असे निवडावे, म्हणजे चवी एकमेकींवर कुरघोडी करत नाहीत. अशा घरगुती ठिकाणी रोजचे एक सूप असते. हाडे, कंदमुळे आणि सुकवलेले जिन्नस घालून ते कित्येक तास मंद आचेवर उकळलेले असते आणि घरातली माणसेही तेच पितात. छापील यादीपेक्षा भिंतीवर चिनी अक्षरांत चिकटवलेल्या चिठ्ठ्यांकडे अधिक लक्ष द्यावे, कारण त्या दिवशी बाजारातून जे चांगले मिळाले ते तिथे लिहिलेले असते. जावईबापूंनी मालकांना ‘आज काय ताजे आहे’ एवढे विचारले, तरी अर्धे काम झाले. टाकीतल्या जिवंत माशाचा भाव मात्र आधीच ठरवावा. तो वजनावर असतो, आणि तिथले ‘कॅटी’ हे वजन सुमारे 605 ग्रॅमचे आहे, किलोचे नव्हे. गोमांस आणि डुकराचे मांस आपल्याला चालत नसेल तर सुरुवातीलाच सांगावे, कारण भाजलेले डुकराचे मांस हे त्या स्वयंपाकाचे मोठे वैभव असून सुपातही त्याची हाडे असतात.

वागण्याचे नियम फार नाहीत. बसल्याबरोबर चहाची किटली येते, त्याचे पैसे सहसा माणशी लावतात. चहा बिनदुधाचा, बिनसाखरेचा असतो. साखर मागू नये. आधी वडीलधाऱ्यांच्या कपात, मग इतरांच्या आणि शेवटी स्वतःच्या कपात ओतावा. कोणी आपल्याला चहा ओतला तर दोन बोटे टेबलावर हलकेच टेकवतात. ती आभार मानण्याची रीत आहे. किटली रिकामी झाली की झाकण तिरके करून ठेवावे, न बोलता गरम पाणी येते. पुष्कळजण पहिल्या गरम चहाने वाट्या आणि चॉपस्टिक विसळतात, ते पाहून बिचकू नये. चॉपस्टिक भातात उभ्या खोचून ठेवू नयेत, कारण ते मृतांपुढे लावलेल्या उदबत्त्यांसारखे दिसते. त्या जमल्या नाहीत तर चमचा मागावा, त्यात कमीपणा नाही. वाटी उचलून तोंडाजवळ नेणे तिथे शिष्टसंमत आहे.

आता सौ.विषयी, कारण खरी काळजी तिथेच आहे. ‘मांस नको’ एवढे सांगून भागत नाही. हिरव्या भाजीवर कालवांपासून केलेले ऑयस्टर सॉस ओततात, टोफूत खिमा घातलेला असतो, पिवळ्या नूडल्समध्ये अंडे असते आणि मुळ्याच्या वड्यांत सुके सोडे. कँटनी भाषेत ‘जाय’ म्हणजे बौद्ध पद्धतीचे शाकाहारी जेवण. त्यात मांस, मासे आणि अंडी तर नसतातच, पण कांदा-लसूणही वर्ज्य असतो. तिथले अनेक भाविक चांद्र महिन्याच्या 1 आणि 15 तारखेला जाय पाळतात, म्हणून आपल्याकडची एकादशी ऐकून त्या घरच्या आजीबाईंना नवल वाटणार नाही. मुलीकडून एका कागदावर चिनीत लिहून न्यावे : जाय हवे, अंडे नको, ऑयस्टर सॉस नको, दारू नको. घरगुती ठिकाणी मालकीणबाई स्वतः आत जाऊन सांगतात, ही मोठ्या हॉटेलात सहसा न मिळणारी सोय आहे.

तरीही माझे स्पष्ट मत असे की लहान स्वयंपाकघरात कढई एकच असते, त्यामुळे माळ घातलेल्या व्यक्तीने तिथे पांढरा भात, नुसती वाफवलेली पालेभाजी आणि सोया सॉसमधला वाफवलेला टोफू एवढ्यावर थांबावे आणि पोटभर जेवण दुसऱ्या दिवशी ‘जाय’च्या खास उपाहारगृहात करावे. लांताऊ बेटावरील पो लिन मठात आणि डायमंड हिल येथील नान लियान उद्यानात असे जेवण मिळते. एक आधीच सांगून ठेवतो : गव्हाच्या सत्त्वापासून आणि सोयाबीनपासून केलेले काही पदार्थ तिथे हुबेहूब बदकासारखे किंवा मांसासारखे दिसतात. सौ.ना ते अगोदर माहीत असावे, नाहीतर पान पुढे येताच त्या उठायच्या.

जानेवारीअखेर म्हणालात, तेव्हा चिनी नववर्षाची तारीख पाहून घ्यावी. ते साधारण 21 जानेवारी ते 20 फेब्रुवारी या दरम्यान येते आणि कुटुंबाची उपाहारगृहे त्या वेळी काही दिवस बंद असतात.

प्रश्न : हाँगकाँगला जाणे आमच्याने होणार नाही, पण मुंबईला जाणे-येणे असते. तिथे असे जेवण मिळेल का? आणि अजिनोमोटोची भीती वाटते, ती खरी आहे का?
— एक गृहिणी, जळगाव

उत्तर : मिळेल. कुलाब्यात लिंग कुटुंबाचे ‘लिंग्ज पॅव्हिलियन’ आहे; याच कुटुंबाचे ‘नानकिंग’ हे उपाहारगृह पूर्वी त्याच भागात नावाजलेले होते. तिथेही भारतीय चवीचे पदार्थ यादीत आहेतच, म्हणून मागवताना वाफवलेला मासा, डिमसम (सारण भरलेले मोदकासारखे लहान वाफवलेले पदार्थ वगैरे) आणि पालेभाजी यांची चौकशी आवर्जून करावी. डिमसममधील कोळंबीचे ‘हार गाव’ करंडीतून उतरताच खावे. त्याचे पातळ, अर्धपारदर्शक आवरण थंड झाले की चिवट होते.

अजिनोमोटो म्हणजे मोनोसोडियम ग्लुटामेट. 1908 साली जपानी रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी त्यातले ग्लुटामेट समुद्री शेवाळाच्या सारातून वेगळे केले. टोमॅटोत आणि मुरलेल्या चीजमध्ये ग्लुटामेट निसर्गतःच असते. त्याविषयीची भीती पसरली ती 1968 साली अमेरिकेतील एका वैद्यकीय नियतकालिकात छापलेल्या एका डॉक्टरांच्या पत्रापासून. पुढे झालेल्या काटेकोर चाचण्यांत नेहमीच्या प्रमाणातील वापराने सर्वसाधारण माणसाला अपाय होतो असे सातत्याने दिसले नाही आणि अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ते सुरक्षित मानले आहे. रक्तदाब असेल तर काळजी एकूण मिठाची घ्यावी, कारण सोया सॉस बराच खारट असतो. तो वेगळ्या वाटीत मागून बेताने घ्यावा.