आधी हात आखडता घे

प्रिय मित्रा,

नुकत्याच पडलेल्या अशनीचा, म्हणजे आकाशातून पडलेल्या दगडाचा, तुकडा मिळाला तर आधी वय काढायचं की रसायन तपासायचं, या घोळात तू अडकला आहेस. दोन्ही नाही. आधी हात आखडता घे.

२२ मार्च १९९८ला टेक्सासमध्ये मोनाहान्सची अशनी पडली. काही दिवसांतच प्रयोगशाळेत ती फोडली, तर आत मिठाचे जांभळट खडे आणि त्या खड्यांत पाण्याचे इवलेसे थेंब! मीठ साधारण साडेचार अब्ज वर्षांपूर्वीचं. सूर्यमाला कोवळी असतानाच कुठल्याशा लघुग्रहावर खारं पाणी होतं, याचा हा पुरावा कुणी दगड नळाखाली धरला असता तर विरघळून गेला असता.

१८६४ साली फ्रान्समध्ये पडलेल्या ओर्गेई अशनीची गत उलटी. तिच्यातल्या पांढऱ्या सल्फेटच्या शिरा लघुग्रहावरच्या पाण्याची खूण मानल्या गेल्या. पुढे कळलं, त्या संग्रहालयातल्या दमट हवेनं इथेच धरल्या होत्या. साठवणाऱ्याचा दोष लघुग्रहाच्या माथी!

म्हणून उचलण्याआधी शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढ, अक्षांश-रेखांश टिपून घे. नायट्राइलचे हातमोजे घाल. दगड स्वच्छ अ‍ॅल्युमिनियम फॉइलमध्ये गुंडाळ, मग पिशवीत घाल. प्लास्टिक थेट दगडाला लागलं तर त्यातली सेंद्रिय रसायनं नमुन्यात उतरतात. धुवायचं नाही, घासायचं नाही, पाणी सोडणाऱ्या करवतीनं कापायचं नाही.

आणि चुंबक? अजिबात नाही! ‘खरी अशनी आहे का बघतो’ म्हणून चिकटवलेला निओडिमियमचा तुकडा आतली मूळ चुंबकीय नोंद क्षणात पुसतो. १९४०मध्ये भारतात पडलेल्या सेमरकोना अशनीच्या कोंड्रूलांमधून (आतल्या वितळून गोठलेल्या बारीक गोळ्यांमधून) तेजोमेघाचं, म्हणजे सूर्यमाला ज्यातून घडली त्या वायू-धुळीच्या ढगाचं, चुंबकीय क्षेत्र मोजता आलं: सुमारे ५० मायक्रोटेस्ला, जवळपास आजच्या पृथ्वीवरच्याइतकं. ती नोंद पुसली गेली असती तर हा आकडा कुठून आणणार होतास? मला हट्टी म्हणतात, म्हणू देत. चाचणी पुन्हा करता येते, पुसलेलं परत लिहिता येत नाही.

वयाची घाई कसली? युरेनियमचं शिसं किती झालं यावरून वय सांगणारं घड्याळ साडेचार अब्ज वर्षं चाललंय, अजून वर्षभर थांबेल. थांबत नाही ते अवकाशातल्या किरणांच्या माऱ्यानं दगडात तयार झालेलं किरणोत्सारी सोडियम-२४; त्याचं अर्धायुष्य, म्हणजे निम्मं संपायला लागणारा वेळ, १५ तासांचं. व्हॅनेडियम-४८चं १६ दिवसांचं. वातावरणात शिरण्याआधी दगड केवढा होता, याचा अंदाज अशाच अल्पायुषी समस्थानिकांवरून बांधतात. तेव्हा गॅमा मोजणाऱ्या प्रयोगशाळेत मात्र धावत जा. त्यासाठी पुडी सोडावी लागत नाही; गॅमा किरण फॉइलमधून आरपार येतात.