बॅरी बॉन्ड्सचे ७६२ होम रन खरे मानायचे की नाही?

प्रश्न: ओहतानीमुळे माझ्या मुलाला बेसबॉलचं वेड लागलंय. होम रनचे (चेंडू थेट मैदानाबाहेर, आपल्या सिक्सरसारखा) रेकॉर्ड बघताना बॅरी बॉन्ड्सचं नाव सगळ्यात वर दिसतं, पण हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलच्या मानाच्या फलकावर, तो नाही. तो खरंच एवढा मोठा होता, की नुसती ताकद वाढवणाऱ्या औषधांची करामत? मुलाला काय सांगू?

उत्तर:

मोठा होता. मी डोळ्यांनी पाहिलेल्यांत सगळ्यात मोठा. आणि त्याने औषधं घेतली याबद्दलही मला शंका नाही. ही दोन्ही वाक्यं एकाच तोंडाने म्हणायची नाहीत असा बेसबॉलवाल्यांचा दंडक आहे, आणि आमच्या वडिलांचाही. म्हणून उत्तर लांबणार.

आकडे तुम्ही पाहिलेच असतील. मी एवढंच सांगतो की १९९८ चा सीझन संपला त्या दिवशी बॉन्ड्स घरी बसला असता, तरी ४११ होम रन, ४४५ चोरलेले बेस, तीन एमव्हीपी (वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचा किताब) आणि आठ गोल्ड ग्लव्ह (उत्तम फील्डिंगचा किताब) त्याच्या नावावर जमा होते. त्याच्यावरचे आरोप त्यानंतरच्या काळाचे आहेत. 'औषधाने बनवलेला खेळाडू' म्हणणाऱ्यांनी आधी हे पचवावं. त्या वर्षी मॅकग्वायर आणि सोसा होम रनमागून होम रन मारत होते, अख्खा देश त्या दोघांसाठी वेडा झाला होता आणि सगळंच येणाऱ्या या माणसाकडे कुणी ढुंकून बघत नव्हतं. तिथून त्याचं डोकं फिरलं असं सांगतात. मला पटतं. पुढे २००१ मध्ये ७३ होम रन, वय वर्षं ३७. त्या वर्षापासून लागोपाठ चार एमव्हीपी, एकूण सात.

आता ७ ऑगस्ट २००७ बद्दल.

त्या उन्हाळ्यात आई-बाबा आमच्याकडे सनीव्हेलला आले होते. बाबा रिटायर्ड हेडमास्तर. दिवसभर करायचं काय, म्हणून माझ्याबरोबर टीव्हीवर बॉन्ड्सच्या टीमच्या, सॅन फ्रान्सिस्को जायंट्सच्या, मॅच बघायचे आणि मॅचगणिक चिडायचे. पिचर मुद्दाम चार चेंडू लांब बाहेर टाकतो, बॉन्ड्स बॅट ठेवून पहिल्या बेसवर चालत जातो, आणि याला कुणी काही म्हणत नाही, हे त्यांना सहनच होईना. "अरे, समोरचा खेळतोय म्हणून बॉलिंगच करायची नाही?" मी त्यांना सांगितलं की २००४ मध्ये त्याला असं १२० वेळा मुद्दाम सोडलं होतं. १९९८ मध्ये तर ॲरिझोनाच्या बक शोवॉल्टरने तिन्ही बेस भरलेले असताना, नवव्या इनिंगमध्ये, दोन रनची आघाडी असताना त्याला वॉक दिला. म्हणजे एक रन आपण होऊन हातात ठेवला, पण याला खेळू दिलं नाही. आणि मॅच ८-७ ने जिंकली. बाबा बराच वेळ गप्प बसले. "म्हणजे घाबरतात," एवढंच म्हणाले. बॉन्ड्स काय चीज होता हे मला आजवर कुणी याहून कमी शब्दांत सांगितलेलं नाही.

७५५ वा त्याने तीन दिवस आधी सॅन डिएगोत मारला होता. तोवर विक्रम ज्याच्या नावावर होता त्या हँक ॲरनशी बरोबरी. ऑफिसमधल्या एकाकडून मला मंगळवारची दोन तिकिटं मिळाली, अगदी वरच्या मजल्यावरची. आम्ही कॅलट्रेनने गेलो. सॅन फ्रान्सिस्कोचा ऑगस्ट ज्याने अनुभवलाय त्याला सांगायला नको, पण खाडीवरून वारा सुटला तसे बाबा स्वेटर, मफलर आणि कानटोपी घालून बसले. चहूकडे बियर आणि लसणाच्या फ्राइज, आणि आमच्या मांडीवर आईने बांधून दिलेल्या दशम्या नि जवसाची चटणी.

नेमकं तेव्हाच मला बाल्कोचं, म्हणजे खेळाडूंना चोरून स्टेरॉइड पुरवणाऱ्या प्रयोगशाळेचं, प्रकरण सांगायची बुद्धी झाली. ग्रँड ज्युरीपुढे बॉन्ड्सची साक्ष डिसेंबर २००३ ची, आणि पुढच्या वर्षी ती पेपरात फुटली. ट्रेनरने आपल्याला जे दिलं ते जवसाचं तेल आणि सांधेदुखीचं मलम आहे असं वाटलं, असं तो म्हणाला होता. बाबांनी हातातल्या चटणीकडे बघितलं. "आपल्या गावात तीन पिढ्या जवस खातायत," ते म्हणाले, "एकाचं तरी असं झालं का?"

पाचव्या इनिंगमध्ये ३-२ च्या काउंटवर वॉशिंग्टनच्या माइक बॅक्सिकचा चेंडू त्याने उजवीकडच्या मधल्या भागात ४३५ फुटांवर धाडला. ७५६ वा. बॉन्ड्स बॅट मुठीपासून वर सरकवून धरायचा, पोरं जड बॅट धरतात तशी, आणि फिरवायचा इतकी आखूड आणि झटक्यात की वरच्या मजल्यावरून आधी आवाज आला आणि मारलं हे मागून कळलं. माझ्या गळ्यातून काय निघालं ते मला आठवत नाही. सगळं स्टेडियम उभं होतं. बाबा बसून. मी खांद्याला हात लावला, तर त्यांनी मान हलवली.

मग जायंट्सचा जुना महान खेळाडू विली मेज मैदानात आला, तो बॉन्ड्सचा गॉडफादर. बॉन्ड्स चार वर्षांपूर्वी गेलेल्या वडिलांचं नाव घेताना रडला. आणि मोठ्या पडद्यावर अचानक हँक ॲरनचा चेहरा आला, रेकॉर्ड केलेला अभिनंदनाचा निरोप. बेब रूथचा ७१४ चा विक्रम मोडायला निघालेल्या या काळ्या माणसाला १९७३-७४ मध्ये जीवे मारण्याच्या धमक्यांची पत्रं यायची, हे ट्रेनमध्येच मी बाबांना सांगितलं होतं. तेव्हा बाबा उभे राहिले. कानटोपी काढून.

मला ते लागलं. परतीच्या गाडीत मी भांडायला सुरुवात केली आणि ते भांडण घरी, स्वयंपाकघरात, रात्री एकपर्यंत चाललं. भांडणात मी जे कधीच सांगितलं नव्हतं ते सांगून बसलो.

१९८९, दहावीचा भूमितीचा पेपर. केंद्र तालुक्याच्या गावी. त्या केंद्रावर कॉपी होत नव्हती असा एकही वर्ग नव्हता. आमच्या वर्गावरचे सर तर खिडकीशी उभे राहून बाहेरून आलेल्या चिठ्ठ्या स्वतः आत घ्यायचे. भरारी पथक येतंय असा निरोप आला आणि सगळ्यांच्या चिठ्ठ्या खिडकीबाहेर गेल्या. एक राहिली, माझ्या पुढच्या बाकावरच्या मित्राच्या बोटांत. ती त्याला मिनिटभर आधी मी दिली होती, त्यातली दोन उदाहरणं उतरवून झाल्यावर. तो रस्टिकेट झाला. मी इंजिनिअर झालो. आणि केंद्राचा निकाल उत्तम लागला म्हणून तिथल्या हेडमास्तरांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला, फोटो ऑफिसात लागला.

"म्हणून म्हणतो," मी बाबांना म्हणालो, "सगळा वर्ग कॉपी करतो आणि तुम्ही एकाला धरता."

बाबा काही बोलले नाहीत. सकाळी चहा घेताना त्यांनी विचारलं, "ती दोन उदाहरणं किती मार्कांची होती?"

"आठ."

"म्हणजे भूमितीत तुझे एकसष्ट नव्हेत. त्रेपन्न धरायचे."

आणि तेव्हापासून नातवंडांपुढेसुद्धा ते त्रेपन्नच सांगतात.

आता माझा मुद्दा बघा. त्यांनी आठ वजा केले, पण त्रेपन्न दिले. शून्य नाही केलं. बॉन्ड्सचं मात्र लोक सरळ शून्य करतात. किती होम रन औषधाचे, किती हाताचे, हे कुणालाच काढता येणार नाही, पण चेंडू बाहेर जातोय की आत हे ओळखणारी नजर कुठल्या मलमातून येते? २००४ मध्ये दहापैकी सहा वेळा तो बेसवर पोचत होता. आणि तेव्हा चेंडू टाकणारे पिचर काय सगळे दूधपिते होते?

राग मला बॉन्ड्सचा नाही, त्या सत्कारवाल्या हेडमास्तरांचा येतो, म्हणजे इथे खेळ चालवणाऱ्यांचा. १९९४ च्या संपात वर्ल्ड सिरीजच रद्द झाली, लोक खेळावर रुसले, आणि त्यांना परत आणलं ते होम रननी. पोरांचे दंड दुपटीने फुगताना मालकांना दिसत नव्हतं? औषधं सापडली तर शिक्षा, हा नियम लागू व्हायला २००४ उजाडलं. बेसबॉलचा तेव्हाचा सर्वोच्च अधिकारी, कमिशनर बड सीलिग, ७५५ व्या होम रनला सॅन डिएगोत खिशात हात घालून उभा राहिला, जणू हे सगळं त्याच्या माघारी घडलं. त्याच सीलिगला २०१६ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये निवडून घेतलं. बॉन्ड्सला पत्रकारांच्या मतदानात दहाव्या आणि शेवटच्या वर्षी, २०२२ मध्ये, ६६ टक्के मिळाले, लागतात ७५.

कोर्टाचं विचाराल तर २०११ मध्ये न्यायात अडथळा आणल्याचा एक गुन्हा सिद्ध झाला, खोट्या साक्षीच्या आरोपांवर ज्युरीचं एकमत झालं नाही, आणि २०१५ मध्ये अपिलात तो एक गुन्हाही रद्द झाला. बेसबॉलने औषधांसाठी त्याच्यावर एक दिवसाचीही बंदी घातलेली नाही. २००७ मध्ये २८ होम रन मारलेल्या माणसाला पुढच्या वर्षी एकाही टीमने घेतलं नाही, एवढंच.

बाबांची बाजू सांगितली नाही तर अन्याय होईल. ते ज्या शाळेत होते तिथे चिठ्ठी चालत नसे. १९८९ ला त्यांचा निकाल ३८ टक्के लागला आणि वरून खुलासा मागवला गेला, शेजारच्या केंद्राचा एवढा चांगला, तुमचा असा का? त्यांची नापास झालेली पोरं कुणी मोजली नाहीत. "तुझा मित्र पकडला गेला ते तुला दिसतं," ते म्हणतात, "माझी पोरं कॉपी न करता पडली, ती कुठल्या चार्टात?" म्हणजे त्या दहा वर्षांत सुई न टोचता मेजर लीगच्या दारातून परत गेलेली पोरं. यावर माझ्याकडे उत्तर नाही. मी विषय बदलतो.

शिवाय ते म्हणतात की मार्कलिस्ट वेगळी आणि गुणवंतांचा फलक वेगळा. ७६२ हा आकडा रेकॉर्डात आहे, तो कुणी पुसला नाही. सत्कार करायचा की नाही हा वेगळा प्रश्न. हेही अगदीच चूक नाही, फक्त मी त्यांच्यासमोर कबूल करत नाही.

तर मुलाला काय सांगायचं? दोन्ही सांगा. मुलं आपल्याला वाटतं त्याहून जास्त पचवतात. जमलं तर कूपर्सटाउनला, हॉल ऑफ फेमच्या संग्रहालयात, घेऊन जा. ७५६ वा चेंडू तिथे आहे: एका फॅशनवाल्याने साडेसात लाख डॉलरला घेतला, लोकांचं मत घेतलं आणि त्यावर चांदणीची खूण, म्हणजे 'हा विक्रम संशयास्पद' अशी तळटीप, पाडून पाठवून दिला. चेंडू आत, मारणारा बाहेर. आणि हो, बॉन्ड्स माणूस म्हणून तुसडा होता, हे आधी सांगायला हवं होतं. पत्रकारांशी तर विचारूच नका, टीममधल्या जेफ केंटशी २००२ मध्ये डगआउटमध्ये धक्काबुक्की झाली ती टीव्हीवर सगळ्यांनी पाहिली. त्यामुळे मतं कमी पडली असतील तर नवल नाही.

तोच केंट डिसेंबर २०२५ मध्ये १६ जणांच्या समितीकडून हॉल ऑफ फेममध्ये गेला. बॉन्ड्सला पाच मतंसुद्धा पडली नाहीत. मी त्याच दिवशी गावी फोन लावला. बाबांना आता कमी ऐकू येतं, दोनदा सांगावं लागलं.

"आणि तो खिशात हात घातलेला?" त्यांनी विचारलं.

"तो केव्हाच आत आहे, बाबा."

पलीकडे जरा वेळ आईची भांडी तेवढी वाजत राहिली.

"मग आधी त्याचा फोटो उतरवा म्हणावं."